अर्धा सूर वर

वहिनी,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमचंच गाणं लावलं होतं. वंदना झाली, चार माणसं चार शब्द बोलली, आणि पंगत बसेपर्यंतच्या रिकाम्या वेळात कुणीतरी आपला मोबाईल स्पीकरला जोडला. उशिरा आलेल्या वरातीला टोमणे मारणारी ती नवरी केडगावच्या त्या मंडपात खळखळून गायला लागली. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या शेजारचे एक म्हातारबा मला कोपरानं ढोसून म्हणाले, "काय आवाज हुता ओ बाईचा! असा गळा पुन्हा न्हाई व्हायचा."

मी मान हलवली. चाळीस वर्षं हलवत आलो तशीच. मग तिथं बसवेना. चपला शोधल्या आणि न जेवता रिक्षानं सावेडीला घरी आलो. लोकांना वाटलं, दिराला दुःख अनावर झालं. मला राग अनावर झाला होता, वहिनी. त्या मोबाईलवाल्याचा, माझा, आणि खरं सांगायचं तर तुमचाही.

कारण तो आवाज तुमचा नव्हता. म्हणजे गायला होतात तुम्हीच, पण त्याला अर्ध्या सुरानं वर चढवलं होतं मी. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यावरून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते मिटायच्या आत तुम्ही उठून गेलात. माणसानं वाद अर्धा टाकून असं जाऊ नये. शेवटच्या फोनवर तुम्हीच म्हणाला होतात, "बुधवारी या. मेथी निवडायला बसू आन् भांडू." बुधवार आला तेव्हा तुमच्या ओट्यावर सतरंज्या अंथरलेल्या होत्या.

आता मी एकटाच बोलणार आणि तुम्हाला तोंड उघडता येणार नाही, याचा फायदा घेतोय असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

स्टँडमागच्या गल्लीतली माझी रेकॉर्डिंगची खोली तुम्हाला आठवत असेल. खोली कसली, गोडाऊन होतं. भिंतींना तुमच्याच हातच्या गोधड्या लटकवल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून पंखा बंद. भर उन्हाळ्यात, दुपारी, दार लावून तुम्ही गात होतात आणि कपाळावरचा घाम पदरानं टिपत होतात. दादा बाहेर पायरीवर बसून गल्लीतल्या पोरांना गप्प करत होता. एका गाण्याच्या मधेच रस्त्यावरून केळीवाला ओरडत गेला, तर तुम्ही गाणं न थांबवता हातानं त्याला "थांब, घेते" अशी खूण केलीत. बंद दाराकडं बघून! ढोलकीवाला इतका हसला की ते गाणं पुन्हा घ्यावं लागलं.

तोपर्यंत तुम्ही जयंतीच्या कार्यक्रमात गायचा आणि लग्नाघरी हळदीला. सोबत ढोलकी, फार तर टाळ्या. पट्टी कशाला म्हणतात ते तुम्हाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. तुमचा गळा पांढरी पाचचा. पेटीवरच्या त्या सुरावर तुम्ही अशा बसायचा, जशी बाई काम आवरून आपल्या ओट्यावर बसते. भरीव, थोडा जाड, खाली मातीचा वास असलेला आवाज. गाणी तुमची, चाली तुमच्या. मी फक्त मशीन चालवत होतो.

टेपची एक प्रत मुंबईला कंपनीकडं गेली आणि तिथून फोन आला. आईवरचं गाणं नको, फार संथ आहे, लग्नात कोण ऐकणार. ते काढलं. तुम्हाला वाईट वाटलं. मग पुन्हा फोन: तरीही पहिली बाजू दीड-पावणेदोन मिनिटं जास्त होते. कॅसेटच्या एका बाजूला अर्ध्या तासाच्या वर काही बसत नाही. कडवी कापा.

मी केडगावला येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही चुलीपुढं होतात. म्हणालात, "भाऊजी, त्या कंपनीवाल्याला म्हनावं माझं बोट काप. कडवं न्हाई कापायचं. नवरी चार टोमनं मारती, त्यातला कंचा मागं घिऊ?"

दादा हसला. मीही हसलो आणि नगरला परत आलो. माझ्या स्पूल मशीनला एक खुंटी होती. ती थोडी फिरवली की टेप जरा भरभर पळायची. टेप भरभर पळाली की गाणं लवकर संपतं आणि आवाज वर चढतो, बारीक होतो. मी ती खुंटी फिरवली, पळत्या टेपवरून दुसऱ्या टेपवर सगळं उतरवून घेतलं आणि तीच मुंबईला धाडली. पहिली बाजू अर्ध्या तासात बसली. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा हवा म्हणून दुसरीही तशीच केली. एकही कडवं गेलं नाही. तुमचे शब्द वाचवण्यासाठी मी तुमचा आवाज दिला आणि तुम्हाला विचारलं नाही.

एवढंच असतं तर मी ते म्हातारपणापर्यंत उराशी धरून बसलो नसतो. खरं कारण निराळं आहे आणि ते मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती नवी टेप मी ऐकली आणि मला ती जास्त आवडली. सतरा-अठरा वर्षांची पोरगी गातेय असं वाटत होतं. हलकी, खट्याळ, पायात चाळ बांधल्यासारखी. मला वाटलं, हे मी केलं. पुढं कॅसेट गाजली, टेम्पोत आणि रसवंतीत वाजायला लागली, तेव्हा स्टँडवर चहा पिताना मी मित्रांना सांगायचो, "आवाज काय, गावाकडं ढिगानं असतात. बनवावा लागतो." कुणाचा आवाज आणि कसा बनवला, ते मात्र सांगायचो नाही.

कंपनीलाही ती पोरगीच वाटली. कॅसेटवर फोटो छापला कुठल्यातरी मॉडेलचा, आणि खाली नाव 'कुमारी शेवंता'. तुमची लेक मंगल तेव्हा कडेवरून नुकती खाली उतरली होती. दादा ती कॅसेट हातात घेऊन गल्लीभर फिरला. "बघा, कंपनीनं माझं लगीन मोडलं!" तुम्ही मात्र कॅसेट लावली, कान देऊन ऐकली आणि माझ्याकडं बघितलंत. रेकॉर्डिंगच्या वेळी लाजून तुम्ही टेप ऐकायलाच नकार दिला होता, त्यामुळं स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकायची तुमची ती पहिलीच वेळ.

"भाऊजी, माज्या गळ्यात कुनी पोरगी बसवली का काय?"

"माइकवर असंच येतं, वहिनी."

तुम्ही मान्य केलंत. आमचा भाऊजी मशीनमधला, त्याला कळणार. तिथंच सांगून टाकलं असतं तर तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या आणि संध्याकाळी जेवायला वाढलं असतं.

मग ऑर्केस्ट्रावाले आले. रेकॉर्डिंगला पेटी वाजवणारा माणूस तोवर पुण्याला नोकरीला लागला होता. ऑर्केस्ट्रातले पेटीमास्तर तुमची गाणी कॅसेट ऐकून बसवायचे. कॅसेटमध्ये काळी चार, म्हणून तेही काळी चार धरायचे, पांढरी पाचच्या अर्धा सूर वर. लयही कॅसेटचीच, पळती. आणि तुम्ही तालमीला उभ्या राहून तिथवर चढायचा प्रयत्न करायचा. कुणाची काही चूक नव्हती. मास्तर इमानदारीनं कॅसेट वाजवत होते. तुम्ही इमानदारीनं स्वतःची नक्कल करत होतात.

तुम्ही ज्येष्ठमध चघळलात. दही सोडलं, लोणचं सोडलं, चिंच सोडली. सकाळी कोमट पाण्यात हळद. एकदा तालमीनंतर खाकरत मला विचारलंत, "भाऊजी, कॅसेटात मी येवढी वर कशी गेले हो? आता का जात न्हाई?"

मी म्हणालो, "रियाज वाढवा."

वहिनी, बाकी सगळ्याला मी काही ना काही सबब शोधली आहे. या दोन शब्दांना सापडली नाही.

घोडेगावचा कार्यक्रम तुम्ही कधी काढत नव्हता, म्हणून मीही काढला नाही. आज काढतो. तुमचं माहेर. जनावरांच्या बाजाराच्या मोकळ्या जागेत स्टेज. तुमचे भाऊ, भावजया, लहानपणीच्या मैत्रिणी पुढं सतरंजीवर. मी स्टेजच्या कडेला मशीनपाशी. उशिराच्या वरातीचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं तुम्ही ओढून नेलं. दुसऱ्याला वरचा सूर फाटला. तुम्ही थांबला नाहीत, पुढं गेलात, आणि तिसऱ्याला आवाज पुन्हा फाटला. मागून कुणीतरी ओरडलं, "ही न्हाई ती बाई! ती आना!" लोक हसले. दुसरा ओरडला, "त्यापरीस कॅसेट लावा की!" मग तेच सुरू झालं, टाळ्या वाजवत, "कॅसेट! कॅसेट!" तुमचा धाकटा भाऊ उठून त्यांच्या अंगावर धावला.

ऑर्केस्ट्राच्या मालकानं माझ्याकडं बघितलं. माझ्या पिशवीत कॅसेट होती. मी लावली.

तुम्ही माइकपुढं उभ्या होतात आणि कुमारी शेवंता गात होती. लोक नाचायला लागले. तुम्ही पदर खांद्यावरून घेतलात आणि स्टेजच्या मागच्या बाजूनं उतरलात. परतीच्या टेम्पोत तुम्ही एवढंच म्हणालात, "गळा गेला माझा." दादानं तुमच्या हातावर हात ठेवला. तुमच्या समोरच्या बाकावर मी बसलो होतो.

त्यानंतर तुम्ही गायला नाहीत. स्टेजवर नाही, जयंतीला नाही, हळदीलाही नाही. पुढं शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागलात. दोन पिढ्यांच्या पोरांना तुम्ही खिचडीवाली बाई म्हणूनच माहीत. दादा गेला, तेव्हाही तुमच्या तोंडून सूर निघाला नाही. माझी खोली कॅसेटबरोबरच बंद पडली. मी टीव्ही दुरुस्ती केली, मग तीही सोडली. पण तुमची पहिली टेप, न पळवलेली, तेवढी जपून ठेवली. का, ते मला सांगता येणार नाही. फेकवली नाही एवढंच.

आणि मग या वर्षी त्या बाईंचा फोन आला. मुंबईच्या ज्या कंपनीनं जुन्या कंपनीचा सगळा माल विकत घेतला, तिथल्या. "सर, आम्ही क्लासिक पॉप अल्बम्सची डिलक्स एडिशन काढतोय." मी म्हटलं, आमचं कुठलं पॉप, आमची लग्नाची गाणी. "तेच सर! तेच आता क्लासिक आहे." जाड पुठ्ठ्याचं खोकं, आत दोन काळ्या तबकड्या, फोटोंचं पुस्तक, शिवाय मोबाईलवर. आणि बोनस ट्रॅक, म्हणजे त्या वेळी घेतलेली पण न वापरलेली गाणी. "तुमच्याकडं काही आहे का सर? अगदी तालमीतलं बोलणंसुद्धा चालेल. लोकांना ते फार आवडतं."

मला आनंद झाला, वहिनी, खोटं कशाला बोलू. बोनस म्हणून तरी तुमचा खरा गळा बाहेर येईल असं वाटलं. मला काही कबूल न करता माझी चूक दुरुस्त होणार होती. आईचं गाणं, कांदा खुरपायला गेलेल्या आईचं, मी त्यांना उतरवून पाठवलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन.

"सर, गाणं सुंदर आहे. पण आवाज मॅच होत नाहीये. मूळ अल्बमनंतर हे लागलं की वेगळीच बाई वाटते. लिसनरला जर्क बसतो."

"तीच बाई आहे."

"हो सर, पण वाटत नाही ना. आम्ही थोडं पिच वर घेतोय. हल्ली काही कळतसुद्धा नाही."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तुमच्या आधी त्यांना, एका अनोळखी बाईला, फोनवर. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे सर, तेव्हा तुम्हीही हेच केलंत. मग आता हरकत काय आहे?"

याचं उत्तर मी अजून शोधतोय.

यावरून मला या नव्या खोक्यांचा एकूणच वैताग आला आहे. लोकांना जुनं हवं असतं असं म्हणतात. जुनं कुणाला हवंय? त्यांना आठवतं तेवढंच हवंय. त्यात भर घालायची ती अशी, की आठवणीला कुठं खरचटू नये. न ऐकलेलं गाणंसुद्धा ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी केडगावला आलो. तुम्ही ओट्यावर बाजेवर बसून मेथी निवडत होतात. पाय सुजले होते, पण जीभ जागेवर होती. "या. सावेडीचं सायब आज कसं काय वाट चुकलं?" मी मोबाईलवर आईचं गाणं लावलं, जसं होतं तसं. तुम्ही हातातली काडी खाली ठेवलीत. पूर्ण ऐकलंत.

"ही मीच हाय."

"तुम्हीच."

"मंग ती कोन हाय? कॅसेटातली?"

मी सांगितलं. खुंटी, अर्धा तास, कडवी, पेटीमास्तर, सगळं. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण मी दुकानदारासारखा भराभर बोलत सुटलो. तुम्ही पुन्हा मेथी घेतलीत.

"म्हंजे घोडेगावात लोक खरं बोलत हुते," तुम्ही म्हणालात. "ती बाई मी न्हवतेच."

"वहिनी, मला माफ..."

"ऱ्हाऊ द्या. आता का सांगायला आलात? येवढी वर्सं गाठोडं तुमच्या डोक्यावर हुतं. जड झालं व्हय? म्हून माज्या डोक्यावर द्यायला आलात?"

मी म्हणालो, मला ते दुरुस्त करायचंय. सगळी गाणी मूळ वेगानं त्या खोक्यात घालायला लावतो. तुमचा खरा आवाज लोकांना कळू दे. तुम्ही ताडकन म्हणालात, "न्हाई." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"न्हाई म्हंजे न्हाई. ती पोरगी मानसांच्या लग्नात नाचलीया. आता तिला म्हातारी नगा करू. माझं गानं एकदा मोडलं तुमी. आता दुसऱ्यांदा मोडायला निघालात. तुमाला निजायला बरं जावं म्हून."

मी चिडलो. हो, चिडलो. म्हणालो, खरं ते खरं. तुम्ही म्हणालात, खरं लई उशिरा आलं, त्याला आता पंगतीत जागा न्हाई. त्या दिवशी मी चहा न पिता निघालो. मग फोनवर तोच वाद. तुम्ही एकदाही मी केलेल्या गोष्टीवर रागावला नाहीत. रागावलात ते सांगितल्यावर. ते मला जास्त लागलं. एकदा तरी म्हणायचं होतंत, माझा गळा का घेतला रे मेल्या. बुधवारी म्हणणार होतात का?

आईचं गाणं खोक्यात घालायला तुमच्या पश्चात संमती द्यायची ती मंगलनं. तुमची लेक माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते, शाळेत शिकवते, हे तुम्हाला काय सांगायचं. कार्यक्रमातून मी न जेवता आलो म्हणून संध्याकाळी ती स्कूटरवर डबा घेऊन आली. मी डबा बाजूला ठेवला आणि तिलाही सगळं सांगितलं. यावेळी सावकाश. तुमची 'न्हाई' सुद्धा सांगितली. ती म्हणाली, आधी लावा. मी जुनं मशीन पुसून ठेवलं होतं. मूळ टेप लावली, उशिराच्या वरातीचं गाणं, तुमच्या स्वतःच्या चालीनं, सावकाश, टोमणा मारून क्षणभर थांबणारं.

मंगल पहिल्या कडव्याला नुसती बसून होती. दुसऱ्याला गुणगुणायला लागली. तिसऱ्याला ती तुमच्याबरोबर गात होती, वहिनी. मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. वर्गात प्रार्थनासुद्धा ती टेप लावून घेते, असं तुम्हीच हसत सांगायचा. गाणं संपलं तशी ती गळ्याला हात लावून म्हणाली, "काका, हे मला जमतंय."

मला कळेना.

"मी लहानपणी कॅसेटबरोबर गायचे. आई कामाला गेली की दार लावून. जमायचंच नाही. आवाज फाटायचा. मला वाटायचं, आईचा गळा माझ्यात आलाच नाही, माझा बाबांसारखा घोगरा." ती मशीनकडं बघत होती. "तो आलाय. तोच आहे हा. काका, तुम्ही..." आणि मग ती रागावली. भांडी घासणारी बाई खिडकीतून बघायला लागली इतकी. तुम्ही, आई, कॅसेट, घोडेगाव, तिच्या शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेत उभं केलेलं, सगळं एकात एक. मी खाली मान घालून ऐकलं. मला बरं वाटलं असं लिहिलं तर तुम्ही पुन्हा म्हणाल, निजायला बरं जावं म्हून. पण त्या रात्रीही नीट झोप लागली नाही, एवढं तुमच्या समाधानासाठी सांगतो.

शेवटी मी म्हणालो, "पण तुझी आई नको म्हणाली होती."

"आईनं स्वतःपुरतं म्हटलं असेल. मला कुठं विचारलं?"

या वादात तुमची बाजू कच्ची पडली, वहिनी. मी तुम्हाला विचारायचं विसरलो, तसं तुम्ही तिला विचारायचं विसरलात.

मंगलनं कंपनीला कळवलं, आईचं गाणं आहे तसं घ्या, नाहीतर घेऊ नका. कंपनीनं घेतलं नाही. जुनी गाणी त्यांच्या मालकीची, ती त्यांना वाटेल तशी निघणार. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच झालं, ती पोरगी म्हातारी झाली नाही. मी त्या बाईंना विचारलं, "बोनस नाही तर मग डिलक्स कसलं?" त्या म्हणाल्या, "सर, बॉक्स आहे ना." पुस्तकातही फोटो त्या मॉडेलचाच. 'कुमारी' तेवढं काढा म्हणालो, तर म्हणाल्या, मूळ कव्हर बदलता येत नाही. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळली.

परवाच्या पौर्णिमेला मंगल विहारात गायला उभी राहिली. आईच्या आठवणीसाठी एक गाणं, म्हणाली. पेटीवाल्यानं सवयीनं काळी चार दिली. कॅसेट सगळ्यांच्या कानात इतकी मुरली आहे. मंगलनं हात वर केला. "अर्धा सूर खाली घ्या." त्यानं घेतला. ती गायली. कांदा खुरपायला गेलेल्या आईचं गाणं, जे केडगावात कुणी ऐकलेलं नव्हतं. थोडी बिचकली, एका ठिकाणी शब्द विसरली, पुन्हा मागं येऊन घेतला. आवाज कुठं फाटला नाही.

गाणं संपल्यावर मागच्या रांगेतली एक मावशी मायेनं म्हणाली, "ग्वाड गायलीस गं पोरी. पर शेवंताचा गळा काय यगळाच हुता. तसा न्हाई तुजा."

मंगल खाली बसत होती, ती पुन्हा उभी राहिली. "आईचाच गळा आहे, मावशी. अगदी हाच. काकांना विचारा."

सगळ्या बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. त्यात तुमच्याबरोबर हळदीला गाणाऱ्या होत्या, त्या कॅसेटवर नाचलेल्या होत्या, घोडेगावाहून आलेली तुमची धाकटी भावजयही होती. गुडघे दुखतात म्हणून मी भिंतीशी खुर्चीवर बसलो होतो. मान हलवून भागलं नसतं. मी खुर्चीच्या दांड्याला धरून उठलो आणि म्हणालो, "ती खरं बोलतेय. मी सांगतो, काय झालं ते."